अर्धी फळं, अर्ध्या फिती

धारूरच्या किराणा दुकानात आता मॅकरोनीची पाकिटं शेवयांच्या शेजारी लटकलेली असतात. पोरांना ती हवी असतात आणि आयांनाही ती सोयीची वाटतात. घरात साखरेचा त्रास असलेलं कुणी असेल, तर मात्र ताट वाढताना प्रश्न पडतो. हे नुसतं मैदा-रव्याचं पोटभर खायचं, की त्यातलं काही कमी करता येईल? शहरी मासिकं यावर एकच उत्तर देतात: झुकिनीच्या लांब फिती काढा आणि पास्ता म्हणून खा. पण आपल्या आठवडी बाजारात झुकिनी मिळत नाही. मिळाली तरी घेऊ नका असं मी म्हणेन, कारण तेच काम दुधी, काकडी, दोडका आणि गाजर उत्तम करतात, आणि ते इथल्याच शिवारात होतात.

दुसरं असं की पास्त्याची जात आपल्याला नवी नाही. कणकेची पोळी लाटायची, कातण्याने तिचे तुकडे करायचे आणि उकळत्या वरणात सोडून शिजवायचे, हेच आपण वरणफळांत करतो. कुणी त्यांना चकोल्या म्हणतं, गुजरातेत त्यांची बहीण दाल ढोकळी म्हणून मिरवते. पास्त्याला हलका पर्याय शोधायचा असेल तर सुरुवात वरणफळांपासूनच करावी. कणकेची फळं निम्मी करायची आणि उरलेल्या जागी दुधीच्या फिती घालायच्या, म्हणजे चव ओळखीची राहते आणि घरातली म्हातारी माणसंही ताट सरकवत नाहीत.

कृतीकडे वळण्याआधी हे जेवण कुणासाठी आहे ते बोलू. धारूर तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर हजारो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. पहाटेपासून मोळ्या बांधणाऱ्या त्या माणसाला दुधीच्या फितींचं जेवण वाढणं हा अन्याय आहे. त्याला भाकरीच हवी, तीही दोन-तीन आणि सोबत पातळ कालवण. वाढत्या वयाचं पोर, गरोदर बाई, नुकतीच आजारातून उठलेली व्यक्ती यांच्याही ताटातलं धान्य कमी करू नये. फिती आहेत त्या खुर्चीवर आणि गल्ल्यावर बसणाऱ्यांसाठी, गाडीवर हिंडून चालणं विसरलेल्यांसाठी, निवृत्त मास्तरांसाठी, आणि डॉक्टरांनी ‘रात्रीचं जरा हलकं घ्या’ असं सांगितलेल्यांसाठी. अशी माणसं आता थोडी नाहीत. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यांनुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर गेली आहे.

एक सूचना इथेच देते. साखर कमी करण्याच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर एका रात्रीत ताटातलं धान्य काढून टाकू नका. औषधाचा डोस नेहमीच्या जेवणाच्या हिशोबाने दिलेला असतो. धान्य अचानक घटलं तर साखर खाली येऊन घाम सुटतो, हातपाय थरथरतात, चक्कर येते. आधी डॉक्टरांशी बोला आणि मग निम्म्यापासून सुरू करा.

आता आकडे. शंभर ग्रॅम कोरड्या पास्त्यात साधारण ३५० ते ३७० कॅलरी असतात आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग पिष्टमय असतो. मोठ्या माणसाची एक भरलेली प्लेट म्हणजे एवढाच पास्ता. त्याच्या जागी अडीचशे ग्रॅम दुधी घेतला तर चाळीसएक कॅलरी होतात, कारण दुधीत पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. काकडीचंही तसंच. गाजरात थोडी साखर असते, तरी शंभर ग्रॅमला चाळीसच्या आसपासच कॅलरी. बटाट्याच्या किंवा रताळ्याच्या फिती काढून ‘हलकं’ म्हणत असाल तर ती स्वतःची समजूत घालणं आहे.

आकडे एवढे गोड दिसतात म्हणून हुरळून जायचं मात्र नाही. चौघांच्या वरणफळांना अडीचशे ग्रॅम कणीक लागते असं धरा. त्यातली निम्मी काढून सहाशे ग्रॅम दुधी घातला, तर माणशी ऐंशीएक कॅलरी वाचतात. जेवणाचा मोठा चमचाभर तेल, म्हणजे पंधरा मिलिलिटर, सुमारे १२० कॅलरींचं असतं. ‘भाजीच आहे, घाला जरा सढळ हाताने’ म्हणून फोडणीत माणशी एक चमचा तेल वाढवलं की वाचवलेलं सगळं गेलं आणि वर घरातलंच खर्च झालं. जेवणावर सीताफळ खाल्लं तरी हिशोब तिथेच येतो. बालाघाटातलं आपलं सीताफळ जगात भारी, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालंय, पण त्याच्या शंभर ग्रॅम गरातही शंभराच्या जवळपास कॅलरी आहेत. दसऱ्याच्या दिवसांत सीताफळ खायचंच. फक्त त्या रात्री फितींच्या जोरावर फुशारकी मारू नये.

फितींचा आणखी एक फायदा शहरातल्या मासिकांना सुचत नाही. पास्ता उकडायला शंभर ग्रॅममागे एक लिटर पाणी घ्यावं, असा इटालियन स्वयंपाकघरातला दंडक आहे. चौघांचा पास्ता म्हणजे चार लिटर पाणी, तेही बहुतेक ओतून द्यायचं. एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा थाट परवडणारा नाही. फितींना उकळतं पाणी लागतच नाही. उलट त्याच पाणी सोडतात.

भाजी कशी निवडावी

दुधी सगळ्यांत सोपा, म्हणून हात बसेपर्यंत दुधीच घ्या. सरळ, बारकासा, अर्ध्या ते पाऊण किलोचा, लवदार सालीचा. नख लावलं की साल सहज रुतली पाहिजे. मोठा, टणक, पांढरट पडलेला दुधी स्वस्त मिळतो, पण त्यात बिया जून असतात, मधला गाभा स्पंजासारखा होतो आणि फिती तुटतात. बाकदार दुधीही नको; त्याच्यावर सालकाढणं सरळ चालत नाही.

दुधी कापल्यावर पहिलं काम चव पाहण्याचं. देठाकडची एक चकती कापून जिभेला लावा. कडू लागली तर तो दुधी टाकून द्या. मीठ लावून, उकडून, गूळ घालून तो वाचवायचा नाही आणि जनावरांपुढेही टाकायचा नाही. हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजवल्याने तो जात नाही. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला होता. कारल्यामुळे दुधीचा कडूपणा लक्षात आला नसावा. त्यानंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञांनी या प्रकारांचा अभ्यास केला. कडू दुधी पोटात गेल्यावर उलट्या, रक्ताची उलटी, जुलाब, रक्तदाब एकदम उतरणं असे प्रकार होतात. तसं काही झालं तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठायचा. काकडी, वाळूक, दोडका आणि घोसाळं हे सगळे दुधीचेच भाऊबंद आहेत, म्हणून त्यांनाही हीच चाचणी. काकडीचं टोक कापून घासायची आपली जुनी रीत आहे ना, ती घासा हवी तर. पण चव पाहिल्याशिवाय काकडी ताटात घेऊ नका.

दोडक्याच्या फिती मऊ आणि गोडसर होतात, फक्त शिरा आधी तासून घ्याव्या लागतात. त्या शिरा टाकू नयेत. तेलावर कुरकुरीत परतून तीळ, लसूण, लाल मिरची आणि मीठ घालून कुटल्या की चटणी तयार. दुधीच्या सालीचीही अशीच होते. फितींच्या जेवणाशेजारी ही चटणी असली की ताट एकदम भरल्यासारखं दिसतं.

वाळूक भादव्यापासून पुढे शेतातल्या पिकात सापडतं. ते शिजवू नका, कच्चंच बरं. गाजर आणि मुळा थंडीत घ्यावा. गाजरं जाड आणि सरळ हवीत, कारण बारक्या गाजराची फीत निघते ती दोऱ्यासारखी. तांबडा भोपळा, म्हणजे डांगर, चवीला उत्तम, पण कापायला ताकद लागते. त्याची वीतभर लांबीची फोड घ्यावी आणि मग फिती काढाव्यात. पत्ताकोबीला फिती काढायचीही गरज नाही. गड्डा चिरून पानं सुटी केली आणि बोटभर रुंद लांब चिरली की झालं. उन्हाळ्यात टरबूज खाल्ल्यावर लाल गर आणि हिरवी साल यांच्यामधला पांढरा भाग राहतो. त्याच्या फिती दुधीच्या तोडीस तोड निघतात, आणि एरवी तो उकिरड्यावरच जातो.

फिती काढताना

यासाठी वेगळं यंत्र घेऊ नका. बाजारात गोल फिरवायची यंत्रं मिळतात, त्यांतून शेवयांसारखे धागे निघतात. ते छान दिसतात, पण त्या यंत्राच्या खाचा धुता धुता जीव जातो आणि पंधरा दिवसांत ते माळ्यावर जातं. घरात दोन गोष्टी असतातच: साधं सालकाढणं आणि बटाट्याच्या वेफर्सची किसणी. कच्च्या खायच्या काकडीला आणि वाळकाला सालकाढणं, कारण त्याची फीत कागदासारखी पातळ निघते. शिजवायच्या दुधी-गाजराला वेफर्सची किसणी, कारण दीड-दोन मिलिमीटर जाडी असल्याशिवाय फीत कढईत टिकत नाही.

दुधी सोलून दोन्ही टोकं कापा. वीतभर लांबीचे तुकडे करा. त्याहून लांब फिती चमच्यात मावत नाहीत आणि खाताना कपड्यावर रस्सा उडतो. किसणी परातीत तिरपी टेकवा, तुकडा तिच्यावर लांबीत आडवा ठेवा आणि एका दमात खाली ओढा. मध्ये थांबलात तर फीत तिथेच तुटते. चार-पाच फिती निघाल्या की तुकडा पाव फिरवा आणि दुसऱ्या बाजूने काढा. असं चारही बाजूंनी करत गेलं की मधे बियांचा चौकोनी दांडा उरतो. तिथे थांबा. त्या गाभ्यात पाणी फार आणि चव कमी. तो बारीक चिरून वरणात किंवा दुसऱ्या दिवशीच्या भाजीत घाला. दांडा बारीक होत जातो तसतशी बोटं पात्याजवळ येतात, म्हणून शेवटचा तुकडा काट्याला टोचून धरा किंवा सरळ सोडून द्या.

निघालेल्या फिती दोन-अडीच इंच रुंद असतील. त्या एकावर एक रचून सुरीने लांबीत दोन किंवा तीन भाग करा. बोटभर रुंदीची फीत सगळ्यांत सोयीची. दाट, कूट घातलेला रस्सा तिला धरून राहतो. बारीक धाग्यांवर तो नुसता घसरतो.

माणशी किती घ्यायचं? पूर्ण जेवण फितींचं असेल तर अडीचशे ते तीनशे ग्रॅम न सोललेली भाजी, निम्मं असेल तर दीडशे ग्रॅम. परातीत ढीग मोठा दिसतो, पण कढईत तो बसतो. पहिल्यांदा करणारे नेहमी कमीच घेतात.

पाणी काढणं

फितींचा पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्याने. दुधीतलं पाणी कढईत सुटतं, मसाला पातळ होतो, फिती त्यात उकडून लिबलिबीत होतात आणि ताटात भाजीचा गोळा येतो. उपाय सोपा आहे. अर्धा किलो फितींना अर्धा छोटा चमचा मीठ लावा, चाळणीत पसरा आणि पंधरा मिनिटं विसरा. खाली वाटीत पाणी जमा होईल. मग फिती स्वच्छ पंचात घेऊन हलक्या हाताने दाबा. कपडे पिळतात तशा पिळू नका, तुटतील. जमलेलं पाणी खारट असतं. ते थालीपिठाचं पीठ मळायला वापरा आणि पिठात मीठ घालू नका.

फितींना मीठ आधीच लागलेलं असतं हे रस्सा करताना लक्षात ठेवा, नाहीतर सगळंच खारट होतं. रक्तदाबामुळे मीठ तोलून खात असाल तर मीठ लावणं सोडाच. कोरडी, जाड बुडाची रुंद कढई चांगली तापवा, त्यात फिती एका थरात पसरा आणि तेल न घालता दोन मिनिटं मोठ्या आचेवर परता. पाणी वाफ होऊन जातं. एका वेळी थोड्याच घाला. ढीग घातला की त्या भाजण्याऐवजी उकडतात. झाकण तर अजिबात ठेवायचं नाही.

भाजीचा कडकपणा ज्या पेक्टिनमुळे असतो ते चांगल्या आचेला काही मिनिटांतच सैल पडायला लागतं. म्हणून दुधीला दोन ते तीन मिनिटं, दोडक्याला दोनच, गाजराला चार, डांगराला तीन-चार. फीत बोटावर टांगली तर वाकली पाहिजे पण तुटली नाही पाहिजे. तेवढं झालं की लगेच उतरवा, कारण गरम कढईत ती पुढेही शिजत राहते. रस्सा आधी तयार हवा, फिती शेवटी. पास्त्यासारखं उकडून बाजूला ठेवून मग पाहुण्यांची वाट बघणं इथे चालत नाही.

वरणफळं

चौघांसाठी एक वाटी तूरडाळ हळद-हिंग घालून मऊ शिजवून घोटा. एक वाटी कणीक घ्या, नेहमीच्या दोन वाट्यांऐवजी. तिच्यात मीठ, हळद, ओवा आणि चमचाभर तेल घालून घट्ट मळा आणि झाकून ठेवा. साधारण सहाशे ग्रॅम दुधीच्या फिती काढा. या पदार्थात फितींना मीठ लावून पाणी काढायचं नाही, कारण त्या वरणातच जाणार आहेत. मात्र वरण नेहमीपेक्षा दाट ठेवा; दुधी त्याला आपोआप सैल करतो.

पातेल्यात करडीचं तेल घ्या, दोन छोटे चमचे पुरे. मोहरी, जिरं, ठेचलेला भरपूर लसूण, कढीपत्ता आणि लाल मिरची यांची फोडणी करा. त्यात घोटलेली डाळ, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा आणि मीठ. मसाला येसर घाला. येसरात भाजलेली धान्यं आणि डाळी असतात, त्यामुळे दोन चमच्यांतच वरण अंगाला लागतं, वेगळं दाटपण शोधावं लागत नाही. घरात येसर नसेल तर काळा मसाला चालेल.

वरणाला खळखळून उकळी आली की कणकेची पातळ पोळी लाटून शंकरपाळीसारखी कापा आणि फळं एकेक करून सोडा. सगळी एकदम टाकली तर गोळा होतो. आठ ते दहा मिनिटं शिजू द्या, मधूनमधून हलवा. एक फळ मोडून पाहा. आत पांढरी रेघ नसेल तर शिजलं. आता दुधीच्या फिती घाला, एकदा उकळी येऊ द्या आणि दोन मिनिटांत उतरवा. वरून कोथिंबीर. ताटात वाढल्यावर कच्च्या तेलाची किंवा तुपाची धार आपल्याकडे पडतेच. ती छोट्या चमच्याने मोजून घ्या, बाटलीने नको.

खाताना कधी फळ चावावं लागतं, कधी फीत नुसतीच घसरते, आणि दोन्हीवर वरण एकच असतं. फळं पूर्ण काढून नुसत्या फितींची वरणफळं करून बघायचा मोह होईल. चवीला ती बरी लागतात, पण तासाभरात पोट पुन्हा मागायला लागतं आणि मग चिवड्याचा डबा उघडला जातो. त्यापेक्षा निम्मं-निम्मं हिशोबाला खरं पडतं.

पास्त्यासारखं हवं असेल तर

पोरांना मॅकरोनीचीच चव हवी असते ती टोमॅटो-लसणाची. दोघांसाठी सहाशे ग्रॅम दुधी घ्या, फिती काढा, मीठ लावून पाणी काढा. कढईत दोन छोटे चमचे तेल, आठ-दहा पाकळ्या लसूण बारीक चिरून आणि एक कांदा. कांदा गुलाबी झाला की चार पिकलेले टोमॅटो किसून घाला, साल हातात राहील ती टाका. लाल तिखट, चिमूटभर ओवा, थोडा गूळ. टोमॅटो कडेने तेल सोडेपर्यंत आटवा. हा रस्सा चमच्याने उचलला तर पडायला वेळ लागला पाहिजे. आता चार मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट घाला, आणि वाटीभर मोड आलेली, वाफवलेली मटकी किंवा हरभरे. दुसऱ्या चुलीवर फिती दोन मिनिटं परता, रस्स्यात टाका, एकदा वरखाली करा आणि वाढा.

कूट आणि मटकी शोभेला नाहीत. दुधीत प्रथिनं नावापुरतीच असतात, शंभर ग्रॅमला एक ग्रॅमसुद्धा नाही. नुसत्या फिती खाऊन जेवण होत नाही, कोशिंबीर होते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीसएक ग्रॅम प्रथिनं असतात आणि मोडांची कडधान्यंही या कामी येतात. मूठभर कूट जड आहे म्हणून ते वगळायचं आणि वर किसलेलं चीज पेरायचं, असला कारभार करू नका. कूट ठेवा, चीज राहू द्या.

मुलांना मात्र ‘हा बघ पास्ता’ असं सांगू नका. ती पहिल्याच घासाला ओळखतात आणि पुढच्या वेळी दुधी दिसला तरी उठून जातात. त्यांची मॅकरोनी कमी न करता तिच्यात थोड्या फिती सरळ त्यांच्या डोळ्यांदेखत मिसळा. फिती काढायचं काम त्यांनाच द्या, मोठ्या मुलांना, सालकाढण्याने. स्वतः काढलेली भाजी पोरं हट्टाने खातात.

उन्हाळ्यासाठी चूल न पेटवता होणारा एक प्रकार आहे. दोन काकड्यांच्या, किंवा मोसमात वाळकाच्या, सालकाढण्याने फिती काढा. घट्ट दह्यात शेंगदाण्याचं कूट, हिरव्या मिरचीचा ठेचा, जिरेपूड आणि मीठ कालवा. वाढायच्या आधी पाच मिनिटं फिती त्यात घाला, त्याआधी नाही. शेजारी अर्धी ज्वारीची भाकरी. दुपारी एवढं पुष्कळ होतं.

थंडीत गाजर आणि मुळ्याच्या फिती एकत्र परतून त्यावर जवसाची किंवा कारळाची चटणी भुरभुरवावी आणि चमचाभर करडीचं तेल घालावं. गाजरातलं कॅरोटीन अंगी लागायला तेल लागतंच, तेव्हा इथे हात आखडू नका. डांगराच्या फिती पिठल्याखाली घालून बघा. पिठलं नेहमीपेक्षा सैल करा आणि परतलेल्या फितींवर ओता. बेसनामुळे पोट भरतं, डांगरामुळे गोडवा येतो. पत्ताकोबीची पानं शेंगदाण्याच्या आमटीत छान लागतात, पण ती फार वेळ शिजवली की वास येतो. तीन मिनिटांत खाली उतरवावं.

मसाला भरपूर, तेल मोजून, फिती शेवटी: रोजच्या स्वयंपाकात एवढं सांभाळलं तर हा प्रकार आठवड्यातून दोन-तीन रात्री सहज होतो. रोज करू नका. कुठलंही पथ्य रोजचं झालं की घरातली माणसं पळवाट शोधतात, आणि ती पळवाट हमखास वडापावच्या गाड्याशी जाते.

शेवटचं सांगणं उरलेल्या फितींबद्दल. परतलेल्या फिती रात्रभर ठेवून सकाळी गरम करून खाऊ नका. त्या पाणी सोडून पिचतात आणि कितीही मसाला घातला तरी सावरत नाहीत. न शिजवलेल्या फिती ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात. शिजवलेल्या उरल्याच तर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी बारीक चिरून ज्वारी-बाजरीच्या पिठात मळा आणि थालीपीठ लावा.